केसपेपरावरचे अलंकार

धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत मिळून, समोरच्याचं साधं वाक्य साधेपणानं ऐकून सोडून देणं ज्यांना आजवर एकदाही जमलेलं नाही, असे एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे सासरे आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तक्रार म्हणून सांगत होते, दुसऱ्या वर्षी गंमत म्हणून सांगायला लागले, आणि आता पुष्कळ वर्षं झाली, कोणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगते. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणते. पारोळ्याच्या बाजूच्या एका खेडेगावात ते जन्मले, शाळेत मराठी शिकवण्यात त्यांची उमर गेली आणि निवृत्तीनंतर धुळ्याला, देवपुरात, पांझरा नदीच्या अलीकडच्या आमच्या घरात ते राहायला आले. शाळा सुटली, पण व्याकरण सुटलं नाही. त्यातही अलंकार. माणूस बोलायला लागला की नानांचं अर्धं लक्ष तो काय सांगतो आहे याच्याकडे आणि अर्धं तो ते कशासारखं करून सांगतो आहे याच्याकडे असतं. दुसरं अर्धं जरा जास्तच.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या माहेरी, सांगलीला, कांदेपोह्यांच्या दिवशी झाली. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि स्थळ खानदेशातलं म्हणून आई धास्तावलेली होती. बाकीची मंडळी पगारपाण्याचं बोलत होती. माझे वडील कमी बोलणारे, पण त्या दिवशी अवसान आणून म्हणाले, "आमची मुलगी म्हणजे या घरातला दिवा आहे." त्यावर पोह्यांची बशी हातात धरलेल्या नानांनी हलक्या आवाजात एकच शब्द उच्चारला, "रूपक." आईला वाटलं, रूपक हे दुसऱ्या कुठल्या तरी मुलाचं नाव आहे आणि या लोकांना माझ्याबद्दल काहीतरी कानावर आलेलं आहे. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्या ओळखीत रूपक नावाचं कोणी नाही." नानांनी बशी खाली ठेवली आणि वडिलांकडे वळून शांतपणे समजावलं, "तुम्ही 'दिव्यासारखी आहे' म्हणाला असतात, तर ती उपमा झाली असती. दिवा वेगळा, मुलगी वेगळी, फक्त साम्य दाखवायचं. तुम्ही दोघांत फरकच ठेवला नाही. दिवाच आहे म्हणालात. हे रूपक. बापानं असंच बोलावं." पाहुणे गेल्यावर वडील आईला म्हणाले, "देऊन टाकू. ही माणसं ऐकतात." माझं लग्न असं जमलं.

सासरी आल्यावर कळलं की घरात सगळ्यांना याची सवय झालेली आहे. माझे यजमान लहानपणी शाळेतून येऊन "भुकेनं मेलो" म्हणाले की नाना विचारायचे, "मेलास की मेल्यासारखा झालास की मरायला टेकलास?" पोरगं उत्तर शोधेपर्यंत आईंनी ताट वाढलेलं असायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी या सगळ्यावर वेगळाच उपाय काढला होता. त्या नानांपेक्षा सरस बोलायच्या. एकदा बाजारात भाजीवाल्या अक्का नानांना म्हणाल्या, "नाना, देखा, वांगा कसा हसी राहिनात." वांगी हसताहेत म्हटल्यावर नानांचा तोल गेला. निर्जीव वस्तूला माणसाचे गुण दिले की त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात, हे त्यांनी अक्कांना तिथल्या तिथे सांगितलं आणि त्या आनंदात दोन पिशव्या भरून भरताची वांगी घरी आणली. आईंनी पिशव्या पाहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हसणारी वांगी आणलीत. आता ती संपेपर्यंत घर तोंड फिरवून बसेल." नानांनी तेवढ्यात खिशातली छोटी वही काढली. आम्ही चार दिवस भरीत खाल्लं आणि चेतनगुणोक्तीची दोन उदाहरणं कायमची पाठ झाली.

बाहेरगावीही हेच. माझे यजमान जळगावला ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहेत, शनिवार-रविवार घरी येतात. एकदा मे महिन्यात नाना त्यांच्याकडे गेले होते. स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला घाम पुसत म्हणाला, "हे ऊन नाही हो बाबा, आग आहे." नाना मागच्या सीटवरून पुढे सरकले आणि म्हणाले, "अपन्हुती." रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली. "काय झालं? माझ्याकडून काही गुन्हा झाला का?" नानांनी त्याला भर उन्हात सांगितलं की समोर जे आहे ते नाकारायचं आणि ते दुसरंच काही आहे असं ठासून म्हणायचं, या अलंकाराला अपन्हुती म्हणतात, मोठमोठ्या लोकांना जमत नाही, तुम्ही सहज बोलून गेलात. त्या माणसानं तो शब्द कागदावर लिहून मागितला. पुढच्या वर्षी मी स्वतः जळगावात एक रिक्षा पाहिली. बाकीच्यांच्या मागे मुलांची नावं, देवांची नावं लिहिलेली असतात. हिच्या मागे लाल अक्षरांत 'अपन्हुती' लिहिलेलं होतं. मी यजमानांना दाखवलं तर ते म्हणाले, "बाबांना सांगू नकोस. ते त्याचा पत्ता शोधत बसतील." मी अर्थातच सांगितलं.

घराच्या तळमजल्यावर मी दवाखाना काढला, तेव्हा खरी कहाणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी नावं लिहून घ्यायला ठेवलेली मुलगी आली नाही. नाना म्हणाले, "आजच्या दिवस मी बसतो." तो आजचा दिवस अठरा वर्षं चालला. बाहेरच्या टेबलाशी धुवट सदरा, चष्मा आणि दोन पेनं घेऊन ते बसायचे. पेशंटचं नाव, गाव, वय लिहायचे आणि त्याखाली, मी कितीही सांगितलं तरी, तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायचे. मी सांगायचे, "नाना, नुसतं 'पोटदुखी' लिहा. बाकीचं मी विचारते." ते मान डोलवायचे आणि लिहायचे, "पोटमा भवरा फिरी राहिना." त्याच्या शेजारी समासात लाल पेनानं एक अक्षर असायचं. उपमेला उ, रूपकाला रू, अतिशयोक्तीला अ. माझ्या दवाखान्यातले केसपेपर परीक्षेच्या तपासलेल्या पेपरांसारखे दिसायचे. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे मी एक पेशंट पाठवला, तर त्यांनी फोन करून विचारलं, "डॉक्टर, तुमचा हा 'रू' म्हणजे कुठली टेस्ट?"

मी हसत होते खरी, पण मला फार काळ हसता आलं नाही. मी सांगलीची. इथली खेड्यावरची माणसं अहिराणीत बोलायची आणि मला अर्धं समजायचं, अर्धं समजल्यासारखं वाटायचं. पहिल्याच महिन्यात एक शेतकरी बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, टाचमा खिया घुसेल शे." खिया म्हणजे खिळा, एवढं मला तोवर कळलं होतं. टाचेत खिळा घुसलाय. मी त्यांची टाच धुतली, दिव्याखाली धरली, भिंग लावून पाहिली. जखम कुठे दिसेना. गंजलेला होता का विचारलं, तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जोखीम नको म्हणून मी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बाई दंड चोळत बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांनी दारावर टकटक झाली. नाना आत आले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, खिळा रूपकातला आहे." दवाखान्यात ते मला डॉक्टरच म्हणायचे, घरात बेटा. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ येते, त्याला इकडे सगळ्या बायका असंच म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. मी बाईंना परत बोलावलं, योग्य ते सांगितलं, चपला बदलायला लावल्या. त्या बऱ्या झाल्या. पण 'आमच्या सूनबाईंनी रूपकाला इंजेक्शन दिलं' ही गोष्ट नानांनी त्यानंतर घरी आलेल्या एकाही पाहुण्याला सांगायची सोडली नाही.

त्या दिवसापासून मी त्यांचं लाल अक्षर वाचायला लागले. त्यांचा स्वतःचा एक हिशेब होता आणि तो त्यांनी इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून बांधला होता. "सारखं" म्हणणारा माणूस अजून दुखण्याच्या बाहेर उभा आहे, तो दुखण्याकडे बघून त्याचं वर्णन करतोय, असं ते म्हणायचे. "डोक्याची भट्टी झालीय" म्हणणारा आत शिरलेला आहे, त्याला आधी बसायला खुर्ची द्यायची. "जणू काही" म्हणत लांबलचक उत्प्रेक्षा करणाऱ्याला भरपूर वेळ आहे, तो थांबू शकतो. "सहा महिने डोळ्याला डोळा नाही" ही अतिशयोक्ती. ती ऐकून घ्यायची आणि मग बायकोला विचारायचं, घोरतात का. आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटतं असं कोणी म्हणालं, तर मात्र अलंकाराचं नाव काढायचं नाही, रांग मोडून त्याला सरळ आत पाठवायचं. मला कॉलेजात शिकवलं होतं की दुखणं किती आहे ते एक ते दहामध्ये मोजायला सांगावं. मी एकदा नानांना तसं विचारायला सांगितलं. त्यांनी एका आजोबांना विचारलं. आजोबा विचार करून म्हणाले, "दहा? मनी गुरं बी इतली नही शेतस." नानांनी केसपेपरावर लिहिलं, "पेशंटकडे मोजायला तेवढी गुरं नाहीत. दुखणं मात्र पुष्कळ आहे."

आता गार्डसाहेबांबद्दल सांगायला हवं. ते नानांचे गावातले वर्गमित्र. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त होऊन भुसावळलाच मुलाकडे राहिले. रोज सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा आणि तो एक मिनिटाच्या वर कधी गेला नाही. सगळं आयुष्य गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली एवढं लिहिण्यात गेलेला हा माणूस. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. "मास्तर, बेचाळीस तापमान. जेवण वांग्याची भाजी. ठेवतो." त्यांच्या तोंडून एकदा तरी एखादी उपमा निघावी म्हणून नाना चाळीस वर्षं झटले होते. एका लग्नात त्यांनी विचारलं, "नवरी कशी दिसतेय?" गार्डसाहेब म्हणाले, "साडी हिरवी आहे." "अरे, पण कशासारखी दिसतेय?" "तिच्या आईसारखी," एवढं म्हणाले, आणि नाना आनंदानं उठणार तोच पुढे म्हणाले, "नाक तिच्यासारखं आहे. मोजून बघ." नाना त्यांना तोंडावर रुक्ष म्हणायचे. गार्डसाहेबांना ते मान्य होतं.

त्यांच्या पत्नी वारल्या तेव्हा आम्ही भुसावळला गेलो होतो. नाना त्यांच्या शेजारी बसून राहिले. गार्डसाहेब म्हणाले, "मास्तर, घरात एक माणूस कमी झालं." परतीच्या वाटेवर नानांनी ती वही काढली, ते वाक्य लिहिलं आणि समासात काहीच न लिहिता मिटली. मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "याला कुठलं नाव नाही, बेटा. शोधलं मी."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला सोमवार होता आणि बाहेर वीसेक पेशंट बसलेले. दहाला गार्डसाहेबांचा फोन आला. मला आतून नानांचा आवाज ऐकू येत होता. ते दोन वेळा म्हणाले, "परत सांग." मग दार न ठोठावता आत आले. माझ्यासमोर एक पेशंट बसलेला होता. नानांनी असं पूर्वी कधी केलेलं नव्हतं.

"डॉक्टर, गार्ड म्हणतो, डावा हात त्याचा नाही."

"म्हणजे?"

"त्याचे शब्द सांगतो. 'मास्तर, हाऊ डावा हात मना नही शे. कोनीतरी आठे ठी गया.' हा हात माझा नाही, कोणीतरी इथे ठेवून गेलं."

मी पेशंटच्या दंडाला लावलेला ब्लडप्रेशरचा पट्टा काढत म्हणाले, "अंगाखाली येऊन बधिर झाला असेल, नाना. हात बधिर झाला की लोक असंच म्हणतात, हात माझा नाहीच वाटत म्हणून."

"लोक म्हणतात," नाना म्हणाले. "तो नाही म्हणत. त्यानं 'वाटतो' म्हटलेलं नाही. 'जणू' म्हटलेलं नाही. या माणसानं आयुष्यात एक अलंकार वापरलेला नाही, डॉक्टर. तो हात माझा नाही म्हणत असेल, तर त्याला तो हात खरोखर दुसऱ्याचा दिसतो आहे."

मी हातातला पट्टा टेबलावर ठेवला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तपुरवठा अडला, तर डावा हात आपला आहे हेच माणूस विसरू शकतो. पुस्तकात वाचलेलं होतं. समोर कधी पाहिलं नव्हतं आणि फोनवर ऐकलं असतं तर नक्कीच ओळखलं नसतं. मी नानांच्याच फोनवरून गार्डसाहेबांच्या घरी फोन लावला. त्यांच्या सूनबाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "अहो, बाबा मघापासून काहीतरी गंमत करताहेत. हा हात कोणाचा म्हणून विचारतात."

"बाबा याआधी कधी गंमत करायचे?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "नाही."

मी त्यांना स्पीकर लावायला सांगितला आणि गार्डसाहेबांना दोन्ही हात वर करायला सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, एकच वर गेलाय. पण मागून गार्डसाहेबांचा ठाम आवाज आला, "दोन्ही वर केलेत." नाना माझ्या शेजारी उभे होते. ते खुर्चीवर बसले. "तो खोटं बोलत नाहीये," ते म्हणाले. "त्याला दिसतच नाहीये." मी सूनबाईंना विचारलं की बाबा शेवटचे नीट कधी होते. नऊला त्यांनी डाव्या हातात बशी धरून चहा प्यायला होता. मी म्हणाले, कपडे बदलू नका, कोणाची वाट पाहू नका, आत्ता गाडीत घाला आणि जळगावला न्या. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते, त्यांना मी स्वतः फोन करून कळवलं.

पेशंटना मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. एकानंही कुरकुर केली नाही. बाहेर सगळ्यांनी ऐकलंच होतं. आम्ही गाडी काढून जळगावला निघालो. पारोळा मागे गेलं. एरंडोलच्या अलीकडे नाना म्हणाले, "बेटा, एक विचारू? त्यानं आज पहिल्यांदाच अलंकार वापरला असेल तर? चाळीस वर्षं मी त्याच्या मागे लागलोय. आज त्याला वाटलं असेल, मास्तरला खूश करावं. आणि मी त्याला दवाखान्यात पाठवलं." मी म्हणाले, "तसं असेल तर फार बरं होईल, नाना." ते म्हणाले, "हो. तसं असलं तर मी त्याची माफी मागेन." मग बराच वेळ खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत राहिले. "मी त्याला रुक्ष म्हणायचो," ते मध्येच म्हणाले. "तोंडावर."

आम्ही पोचलो तेव्हा तपासणी होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरूही झालेलं होतं. त्या औषधाला वेळेची मर्यादा असते आणि गार्डसाहेब त्या मर्यादेच्या बरेच आत पोचले होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दुपारी चारच्या सुमारास मेंदूचे डॉक्टर बाहेर आले. डाव्या हाताची बोटं हलायला लागली होती. डॉक्टर मला म्हणाले, "असे पेशंट फार उशिरा येतात. बोलणं नीट असतं, दुखत काही नसतं, घरच्यांना वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. तुमच्याकडे कोणाच्या लक्षात आलं हे?"

"आमच्याकडे केसपेपर लिहितात त्यांच्या," मी नानांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आपण काय केलेलं आहे, सर?"

"बी.ए., बी.एड.," नाना उभे राहून म्हणाले. "व्याकरण शिकवायचो."

मी डॉक्टर झाले त्या दिवशी माझ्या वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवतं. त्या बाकाजवळ उभी असताना माझा चेहरा तसा झाला असणार. माझे यजमान ऑफिसातून धावत आले होते. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

तिसऱ्या दिवशी गार्डसाहेबांना भेटायची परवानगी मिळाली. त्यांनी नानांना पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, तो हात कोणाचा होता मग?"

"तुझाच."

गार्डसाहेबांनी डोकं उशीवर टेकवलं. "म्हणजे मी जे नाही ते बोललो." त्यांना त्याचं खरंच वाईट वाटलं होतं. "तुझ्या त्या अलंकारासारखं झालं."

"नाही," नाना म्हणाले. "तो आजार होता. अलंकार असता तर मी तुला फोनवरच शाबासकी दिली असती." आणि त्यांनी गार्डसाहेबांची चादर नीट केली, जी आधीच नीट होती. घरी आल्यावर त्यांनी गार्डसाहेबांच्या नावाचा एक केसपेपर केला. नाव, गाव, वय, आणि खाली ते वाक्य जसंच्या तसं. समासात लाल पेनानं लिहिलं, 'अलंकार नाही.' तो कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. शिकाऊ डॉक्टर कधी माझ्याकडे बसायला येतात, त्यांना मी आधी तो वाचायला देते आणि मग स्टेथोस्कोप काढायला सांगते. गार्डसाहेबांचा हात पुरता पूर्ववत झाला नाही, पण बशी धरता येते. त्यांचा फोन अजून येतो, दहाला, एक मिनिट.

नाना आता दवाखान्यात बसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येणं कमी झालं. पेशंट टेबलावर वाकून कानाशी ओरडायचे आणि ओरडून बोलताना माणूस साधंच बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी त्यांनी दोन्ही पेनं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, आता दुसरं कोणी बघा." यंत्र आणलं आहे, पण ते कानात घातलं की त्यांना पंखा जास्त ऐकू येतो. खाली आता एक मुलगी कॉम्प्युटरवर नोंद करते. हुशार आहे. तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि ती लिहितेही, फक्त कॉम्प्युटरमध्ये समास नाही.

आई, माझ्या सासूबाई, त्याही दोन वर्षांपूर्वीच गेल्या. त्यामुळे दुपारी वर घरात नाना एकटे असतात. दवाखाना संपवून मी वर जाते, तेव्हा ते ताट न घेता थांबलेले असतात आणि विचारतात, "आज कोण काय म्हणालं?" मग मी त्यांच्या उजव्या कानाशी बसून, नावगाव न सांगता, सकाळच्या पेशंटची वाक्यं एकेक करून सांगते. ते डोळे मिटून ऐकतात. कधी "उपमा" म्हणतात, कधी नुसतंच "वा" म्हणतात.

गेल्या आठवड्यात एक दिवस असा आला की सगळे सर्दी-तापाचे पेशंट होते. कोणी काही म्हणालं नव्हतं. सर्दी आहे, ताप आहे, एवढंच. मी वर गेले. नाना वाट पाहत होते. काहीच नाही असं सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी म्हणाले, "एक बाई आली होती, नाना. म्हणाली, घरातला एक आवाज कमी झाला की भिंती जवळ येतात."

त्यांनी ते परत म्हणायला लावलं. मी कानाशी जाऊन परत म्हणाले. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. अलंकाराचं नाव त्यांनी सांगितलं नाही.

"दुखणं काय आहे तिचं?"

"ते नाही सांगितलं तिनं."

"कुठली होती?"

"सांगलीकडची वाटली," मी म्हणाले.

नानांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग ताट पुढे ओढलं, माझ्यासाठीही एक मांडायला खूण केली आणि म्हणाले, "औषध नाही याला, बेटा. पण तिला सांग, उद्या परत ये म्हणावं."